वीस हजार डॉलर आणि शेजाऱ्यांची साक्ष

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २००५ सालचा एक नियम वाचताना मी एका कलमापाशी थांबलो. औद्योगिक वापराची जुनी जमीन विकत घेणाऱ्याने तिचा पूर्वेतिहास आधी तपासायचा, हे ठीकच. पण जमीन बेवारस पडलेली असेल आणि तिथे कोणीही येऊन काहीही करत असल्याच्या खुणा असतील, तर शेजारच्या जागेच्या एका तरी मालकाला किंवा रहिवाशाला जाऊन विचारायचं, असं हे कलम सांगतं. शेजाऱ्याची आठवण हा तिथे कायद्याने मागितलेला पुरावा झाला. आयुष्यभर जुनी दप्तरं चाळणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट सुखावून गेली.

अशा जमिनींना तिकडे ‘ब्राऊनफिल्ड’ म्हणतात. बंद गिरण्या, खतांचे कारखाने, पेट्रोलपंप. ईपीएच्या अंदाजाने त्यांची संख्या साडेचार लाखांच्या वर आहे. त्या इतकी वर्षं पडून राहण्याला एक चांगला कायदाही कारण झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल इथे गाडलेली रसायनं घरांच्या तळघरांत झिरपू लागली, १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली, आणि १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. प्रदूषणाची जबाबदारी त्याने पूर्वलक्षी केली, आणि आजच्या मालकावरही टाकली. तत्त्व योग्यच होतं. पण गिऱ्हाईक, सावकार, बँका सगळेच अशा जमिनीपासून चार हात दूर राहू लागले. ही कोंडी फोडायला १९९३ मध्ये क्लीव्हलँड शहर ज्यात येतं त्या कायहोगा परगण्याला २,००,००० डॉलरचं पहिलं प्रायोगिक अनुदान मिळालं. २००२ मध्ये या अनुदानांना स्वतंत्र कायद्याचा आधार आला.

तपासणीचा पहिला टप्पा मला इतिहासकाराच्या कामासारखा वाटतो. त्यात सहसा एक मूठ मातीही उकरत नाहीत. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी पाहतात, जागेवर फिरतात, माणसांना भेटतात. आग-विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेले नकाशे इथे फार कामाला येतात. विमेवाल्यांना आगीची भीती होती, म्हणून इमारत कशाची आहे, रंगांचं कोठार कुठे आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. मातीत खोदून नमुने घेणं, प्रयोगशाळा, हे दुसऱ्या टप्प्याचं काम. कुठे खोदायचं ते बरंचसं पहिल्या टप्प्यात ठरतं.

या साऱ्याची माझी आवडती गोष्ट साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गची. हा सूतगिरण्यांचा मुलूख. शहराच्या दक्षिणेला आर्कराइट आणि फॉरेस्ट पार्क या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या भोवती बंद पडलेली गिरणी, बंद पडलेला खतकारखाना, शहराचं जुनं कचरामैदान आणि एक चालू रसायन कारखाना, असं सगळं एका हाकेच्या अंतरात. खतकारखान्यासमोरच्या घरात वाढलेले हॅरॉल्ड मिचेल आजारी पडले, तेव्हा आपल्या दारासमोर नेमकं काय होतं याचा शोध घ्यायला त्यांनी सुरुवात केली. मग त्यांनी शेजाऱ्यांना गोळा केलं आणि १९९८ च्या सुमारास ‘रीजेनेसिस’ ही संस्था उभी राहिली.

२००० साली ईपीएने या संस्थेला पर्यावरणीय न्यायाच्या योजनेतून २०,००० डॉलर दिले. एवढ्या पैशात एका जागेची सफाईसुद्धा होत नाही. पण ते पैसे गेले रहिवाशांच्या हातात. जागामालकाच्या नव्हे, नगरपालिकेच्याही नव्हे. त्यामुळे बैठक कोण बोलावणार हे ठरलं. शहर, परगणा, सरकारी खाती, कंपन्या या सगळ्यांना वस्तीने बोलावलं, आणि आराखडा त्यानंतर आला. चालू कारखान्याशीही मोर्चाऐवजी मध्यस्थामार्फत बोलणी झाली. कुणी म्हणेल, ही तडजोड झाली. असेल, पण कारखाना उद्याही शेजारीच राहणार होता.

लोकांनी काय मागितलं, हेही पाहण्यासारखं आहे. माती साफ करा, हे होतंच. त्याच्या जोडीला दवाखाना हवा होता, धड घरं हवी होती, वस्तीत येण्याजाण्याला नीट रस्ता हवा होता. निव्वळ पर्यावरणाच्या अर्जात या मागण्या बसल्या नसत्या, म्हणून दर मागणीसाठी वेगळं खातं गाठावं लागलं. दवाखाना झाला, घरं झाली. पुढे निरनिराळ्या मार्गांनी आलेला पैसा पंचवीस कोटी डॉलरच्या वर गेला, आणि मिचेल राज्याच्या विधिमंडळात गेले. ईपीएने हा प्रयोग आदर्श म्हणून छापला. अशा आदर्शांकडे मी थोडा संशयाने पाहतो. आलेले डॉलर मोजता येतात, त्या धुरात गेलेली वर्षं त्या हिशेबात धरलेली नसतात. शिवाय दर वस्तीला एक मिचेल मिळतोच असं नाही.

त्यासाठीच बहुधा नियमात थोडी सक्ती आहे. सफाईचं अनुदान मागणाऱ्याने अर्जाचा मसुदा आणि सफाईच्या पर्यायांची तुलना आधी लोकांसमोर ठेवायची, सभा घ्यायची, आणि सूचना व त्यांवरची उत्तरं अर्जाला जोडायची. सभा नाममात्र उरकता येतेच. तरी कागदावर उत्तर द्यावं लागतं.

आर्कराइटची गिरणी म्हटली की मराठी माणसाला गिरणगाव आठवणारच. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: मोकळ्या जागेला, घरबांधणीला आणि मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला, आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मूळच्या रिकाम्या जागेपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये विरोधात दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला. या सगळ्या वादात चौरस फुटांचा हिशेब भरपूर झाला. त्या जमिनीवर कोणत्या खात्यात काय सांडलं, रंगाचं पाणी कुठे सोडलं, हे कामगारांना विचारायचं बंधन कुणावर नव्हतं. त्यांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केल्या आणि २००४ मध्ये पुस्तकरूपाने आणल्या. माझ्या कपाटात त्या पुस्तकाच्या शेजारीच आता ईपीएच्या त्या नियमाची छापील प्रत ठेवलेली आहे.