अकराव्या वर्षीची चाळणी : इंग्लंडातील ग्रामर शाळांचा वाद



मुलाला ग्रामर शाळेत घालावयाचे की घराजवळच्या साध्या शाळेत, हा प्रश्न इंग्लंडातील कामकऱ्याच्या चुलीपाशी दोन-तीन पिढ्या तरी धुमसत होता. वरवर पाहता बाब घरगुती आहे. पण कामगार चळवळीला पडलेला एक फार अवघड प्रश्न तिच्या पोटात आहे : आपल्या वर्गातील चार हुशार पोरे निवडून वर काढावयाची, की सबंध वर्गच वर चढवावयाचा? आम्ही संघटनेच्या कामातली माणसे या इतिहासाकडे वळलो ते याच कारणाने.

ग्रामर शाळा हे जुने नाव. ग्रामर म्हणजे लॅटिनचे व्याकरण. पाद्री, वकील, कारकून तयार करणाऱ्या या शाळा शतकानुशतके चालत आल्या. १९०२ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना माध्यमिक शिक्षणावर पैसा खर्च करण्याचा अधिकार मिळाला, आणि १९०७ साली नियम झाला की, सरकारी मदत घेणाऱ्या माध्यमिक शाळेने शेकडा २५ जागा प्राथमिक शाळेतून येणाऱ्या मुलांना फी न घेता द्याव्यात. शिडीची पहिली पायरी ती ही. बाकीच्या मुलांनी प्राथमिक शाळेतच वय भरेपर्यंत बसावयाचे आणि मग कामाला लागावयाचे.

कामाला तरी केव्हा? लँकेशायरच्या सूतगिरण्यांत बारा वर्षांचे पोर अर्धा दिवस साच्यावर आणि अर्धा दिवस बाकावर असे. एका आठवड्यात सकाळी गिरणी व दुपारी शाळा, पुढल्या आठवड्यात उलट. दुपारच्या वर्गात ही मुले डुलक्या घेत, यात नवल काय? ही चाल बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा १९०९ सालच्या मतदानात सूतकामगारांच्या संघटनांनीच प्रचंड बहुमताने तिला विरोध केला! आमच्या काही मित्रांना हे ऐकून राग येतो. आम्हांला येत नाही. पोराचा पगार घरात आला नाही तर भाकरी कमी पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मतदानाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेवटी १९१८ च्या कायद्याने ही अर्धवेळाची पद्धत मोडली.

म्हणूनच फी माफ झाली तरी शाळा फुकट होत नव्हती. ठरावीक कोट-टोपी, पुस्तके, खेळाचे बूट, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे जो पगार मिळाला असता तो. परीक्षा पास होऊनही आईबापांनी जागा नाकारल्याची उदाहरणे त्या काळच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा भेटतात. त्यातच १९३२ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, सरकारने या मोफत जागाही उत्पन्न तपासून द्यावयाचे ठरविले. ‘उत्पन्नाची तपासणी’ हे शब्द ब्रिटिश बेकाराच्या कानाला त्या दिवसांत किती कडू लागत, ते निराळे सांगावयास नको.

या शिडीच्या कल्पनेलाच हात घालणारा माणूस म्हणजे आर. एच. टॉनी. त्याचा जन्म १८८० चा, आणि तो कलकत्त्याचा. वडील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. ‘कथासरित्सागरा’चे इंग्रजी भाषांतर त्यांचेच. मुलगा रग्बी व ऑक्सफर्ड करून बाहेर पडला आणि १९०८ पासून रॉचडेलच्या कामगारांचे वर्ग घेऊ लागला. दिवसभर काम करून आलेली ही माणसे रात्री अर्थशास्त्रावर वाद घालीत. आमच्यासारख्या, दिवसा काम आणि रात्री पुस्तक असे शिकलेल्यांना त्या वर्गांचा हेवा वाटतो. टॉनीने १९२२ साली मजूर पक्षासाठी एक पुस्तक लिहिले. त्याचे नावच मागणी होते : माध्यमिक शिक्षण, आणि ते सर्वांना.

ही मागणी बावीस वर्षांनी मान्य झाली, पण कशी ते पाहा. युद्ध चालू असतानाच बटलर यांनी १९४४ चा शिक्षण कायदा पार्लमेंटातून पास करून घेतला. सरकारी माध्यमिक शाळांतील फी गेली. शाळा सोडण्याचे वय १९४७ पासून १५ झाले. मात्र कायद्याच्या आदल्या वर्षी नॉरवुड समितीने सांगून ठेवले होते की, मुलांची मने तीन जातींची असतात : एक पुस्तकी विचाराचे, एक यंत्र-तंत्राचे, आणि एक व्यवहारातल्या साध्यासुध्या वस्तूंत रमणारे. आपल्याकडे वर्ण चार. साहेबाने तिनांत भागविले! कायद्यात या तीन जातींचा उल्लेख नव्हता, पण बहुतेक जिल्ह्यांनी शाळा त्याच बेताने उभ्या केल्या : ग्रामर, तांत्रिक आणि ‘सेकंडरी मॉडर्न’. तांत्रिक शाळा महाग पडतात म्हणून त्या नावापुरत्याच निघाल्या. शेकडा ४ च्या आसपास मुले तेथे गेली. राहिल्या दोन.

दोहोंपैकी एक निवडावयाची म्हटले, तरी निवडणारा बाप नव्हताच. निवडत होती दहा-अकरा वर्षांच्या मुलाची एक परीक्षा : थोडे गणित, थोडे इंग्रजी, आणि बुद्धिमापनाची कोडी. सरासरीने पाचांत एखादाच मुलगा ग्रामर शाळेत जाई. परंतु ही सरासरी फसवी आहे. वेल्सच्या काही भागांत तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मुले पास होत, तर इंग्लंडातील काही गावांत जेमतेम दहांत एक. मुलांच्या मेंदूत एवढा फरक नव्हता. फरक होता तो जागांच्या संख्येत. मुलींचे गुण जास्त येत, तर कित्येक ठिकाणी त्यांच्यासाठी उत्तीर्णांची रेषाच वर सरकवीत. म्हणजे बुद्धी मोजावयाची फूटपट्टी खुर्च्या मोजून कापलेली होती.

बुद्धी जन्मजात असते, आणि ती अकराव्या वर्षी मोजता येते, या समजुतीला सर सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाचा मोठा आधार होता. ते १९७१ साली वारले. पुढे १९७४ मध्ये लिऑन कामिन या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की, बर्ट यांच्या अभ्यासातील जुळ्या भावंडांची संख्या वाढत गेली तरी निष्कर्षाचे आकडे दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तेच राहिले आहेत. बर्ट यांच्या बाजूने काही जण नंतर बोलले, तरी त्या आकड्यांची पत गेली ती गेलीच. तोवर लाखो मुले चाळणीतून पडून गेली होती.

आता आमच्या चळवळीची बाजू. १९४५ साली मजूर सरकारात शिक्षणमंत्री झाली एलन विल्किन्सन. मँचेस्टरच्या कामकरी घरातली, दुकानकामगारांच्या युनियनची संघटक, १९३६ च्या जॅरो मोर्च्यात बेकारांबरोबर चाललेली. तिच्याहून आपली बाई कोणती? पण शिष्यवृत्त्यांच्या जोरावर जी वर आली, तिला ती शिडी मोडवेना. शाळेचे वय वाढविण्यासाठी ती मंत्रिमंडळात भांडली आणि जिंकली. ते अंमलात येण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९४७ मध्ये, तिचा अंत झाला. मात्र ग्रामर शाळा तिने राखल्या, आणि त्यावरून तिच्याच पक्षाच्या शिक्षकांनी तिच्यावर टीकेची झोड उठविली. आम्ही तिला दोष देत नाही; पण ज्या दोरीने आपण विहिरीतून वर आलो, ती दोरी खाली उरलेल्या सर्वांना पुरत नाही, हे वर आलेल्याला दिसणे कठीण असते.

वर आलेल्यांचे तरी काय झाले? ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन या दोघा हडर्सफील्डच्याच कामकरी मुलांनी आपल्या गावातल्या ग्रामर शाळांतून निघालेल्या ८८ कामगार-मुलांची हकीकत १९६२ साली प्रसिद्ध केली. बरेच जण शिक्षक झाले. पुष्कळांची बोली बदलली, गल्लीतले सोबती सुटले, आणि बापाशी बोलावयाचे ते काय, असा प्रश्न पडला. शिवाय ही शेवटपर्यंत टिकलेल्यांची गोष्ट. अकुशल मजुरांची जी थोडी मुले आत शिरत, त्यांतली बरीचशी मधूनच शाळा सोडीत, असे १९५४ च्या सरकारी अहवालातच नमूद आहे.

आणि खाली राहिलेले? ‘नापास’ हा शब्द सरकार वापरीत नसे, आया वापरीत. पास झालेल्याला सायकल मिळे. सेकंडरी मॉडर्नमधून बहुतेक मुले पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र न घेता बाहेर पडत. १९५१ साली नवी सार्वजनिक परीक्षा निघाली, तर तिला प्रथम सोळा वर्षांची अट! पदवीधर शिक्षक, प्रयोगशाळा, वरचे वर्ग, सारे ग्रामरकडे. पैसा मात्र सर्वांच्या करातला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे रयतेच्या पैशावर वरच्यांचे शिक्षण चालते, अशी जी तक्रार मांडली, तिची येथे आठवण व्हावी. आणि ईटनसारख्या धनिकांच्या शाळा? त्या या सगळ्या भांडणाच्या बाहेर, सुखरूप राहिल्या.

चाळणी अखेर फुटली ती आमच्या ठरावांनी कमी आणि मध्यमवर्गाच्या रागाने जास्त, असे आमचे मत आहे. युद्धानंतर मुले वाढली, उपनगरे वाढली, जागा तेवढ्या वाढल्या नाहीत; आणि बँकेतल्या साहेबाचा मुलगा साध्या शाळेत पडू लागला. तेव्हा कोठे परीक्षा अन्यायाची आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. अँगलसी बेटाने १९५० च्या सुमारासच सर्वांची एकच शाळा, म्हणजे ‘काँप्रिहेन्सिव्ह’, करून दाखविली होती. लंडनात १९५४ साली किडब्रूक येथे मुलींसाठी तशी मोठी शाळा बांधली गेली. जुलै १९६५ मध्ये मंत्री क्रॉसलंड यांनी १०/६५ हे परिपत्रक काढून स्थानिक संस्थांना तसा बदल करण्याची ‘विनंती’ केली. हुकूम नव्हे, विनंती. त्या एका शब्दाच्या फटीतून काही जिल्हे निसटले. गंमत अशी की, १९७० ते १९७४ या काळात मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना जितक्या ग्रामर शाळा गेल्या, तितक्या दुसऱ्या कोणत्याही मंत्र्याच्या हातून गेल्या नाहीत; आणि बाई स्वतः ग्रँथमच्या ग्रामर शाळेच्या विद्यार्थिनी.

१९६४ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये १,३०० च्या आसपास ग्रामर शाळा होत्या. आज इंग्लंडात १६३ आहेत. वेल्स-स्कॉटलंडात सरकारी अशी एकही नाही. केंट आणि बकिंगहॅमशायर या परगण्यांत चाळणी अजून चालू आहे, आणि तिच्यापुढे आता खाजगी शिकवणीची रांग लागते. तेथला एखादा गाडीवान म्हणाला की, मला नको ती परीक्षा, माझे पोर जवळच्या शाळेत जाईल, तरी त्याच्या वाट्याला येणारी जवळची शाळा ही शेजारची चुणचुणीत मुले आधीच उचलून नेलेली शाळा असते. त्याने निवड केली नाही तरी शेजाऱ्याने केलेली निवड त्याला भोगावी लागते.

१९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळांना बंदी केली, आणि असलेल्या राहाव्यात की नाहीत हे पालकांनी मतदानाने ठरवावे, अशी सोय केली. २०१६ साली थेरेसा मे यांनी बंदी उठविण्याचा घाट घातला, पण २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गेले आणि बेत बारगळला. मतदान एकदाच झाले, यॉर्कशायरमधील रिपन या गावी, २००० साली. शाळा ठेवण्याच्या बाजूने १,४९३ मते पडली, विरुद्ध ७४७. त्यानंतर असे मतदान कोठेही झालेले नाही.