घडीच्या चाकूची पारख : पोलादाचा थोडा इतिहास

आम्ही शाळेत असताना कित्ता बोरूने गिरवावा लागे. बोरू तासण्यासाठी गुरुजी खिशातून घडीचा चाकू काढीत आणि काम होताच पाते धोतराच्या सोग्याला पुसून मिटीत. त्या पुसण्याचे मर्म आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगले. कोकणातील आमच्या पुतण्यास आम्ही केवळ लखलखाट पाहून एक चाकू घेऊन दिला होता. आंब्याची कलमे बांधण्याच्या ऐन दिवसांत त्याची धार वळली, काप ओबडधोबड झाले आणि बरीच कलमे मेली. यंदा त्याने पुन्हा विचारले, ‘काका, चाकू कोणता घेऊ?’ तेव्हा या विषयाचा थोडा अभ्यास करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

१७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नामक देशी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. दक्षिणेतील कारागीर लोखंड व लाकूडफाटा मुशीत बंद करून ते तापवीत व हे पोलाद करीत. त्यात कार्बन शेकडा दीडच्या आसपास असे. जॉर्ज पियर्सन यांनी १७९५ साली त्याचे परीक्षण प्रसिद्ध केले. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्याचा लेखणी तासण्याचा चाकू घडविला. घडविण्यास अवघड, परंतु गुणाने सरस, असा त्याचा अभिप्राय पडला. पुढे याच स्टोडार्टसह मायकेल फॅरेडे यांनी पोलादात इतर धातू मिसळण्याचे प्रयोग केले. त्या अनाम देशी कारागिरांचे हे ऋण ज्ञातिबांधवांनी विसरू नये.

परंतु कार्बनी पोलादास गंजाचे भय असतेच. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांच्या झिजेचा विचार करीत होते. त्या कामात शेकडा सुमारे १३ क्रोमियम असलेले पोलाद सहसा गंजत नाही, असे त्यांना आढळले. आरंभी चाकू करणाऱ्यांनी ‘हे कापीत नाही’ म्हणून नाके मुरडली. अर्नेस्ट स्टुअर्ट यांना ते तापविण्याची व त्यास पाणी देण्याची रीत साधली, तेव्हा कोठे चाकू उतरले. तात्पर्य, पोलादाच्या नावाइतकेच त्यास दिलेले पाणी महत्त्वाचे आहे.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली सुरू केलेला साधा घडीचा चाकू आजही कार्बनी व न गंजणाऱ्या अशा दोन्ही पोलादांत मिळतो. कार्बनी पाते दगडावर चटकन धार धरते, पण ओले राहिल्यास गंजते. न गंजणारे पाते आळशालाही साथ देते. फार कडक पाते पुष्कळ दिवस कापते, परंतु आघात झाल्यास त्याचे दाते पडतात. मऊ पाते तुटत नाही, पण त्याची धार वळते. म्हणून कष्टाच्या कामास मध्यम मार्ग बरा.

पुतण्यास आम्ही लिहिले : कोकणची हवा दमट, आंब्याचा चीक आंबट, तेव्हा न गंजणारेच पाते घे. ज्यावर पोलादाचे नाव व कडकपणा सांगितलेला असेल, आणि तो रॉकवेल मापाने ५६ ते ५८ च्या दरम्यान असेल, तोच चाकू निवड. रोज दगडावर चार हात फिरव आणि चाकूने पहारीचे काम करू नकोस. मागील कलमे मेली हा दोष तुझ्या हाताचा नव्हे, आमच्या निवडीचा होता.

आणि पोलाद कोणतेही असो, मिटण्यापूर्वी पाते पुसावे. गुरुजींनी न बोलता दिलेला तो धडा आम्ही उशिरा शिकलो. आपल्या मुलांनी तो वेळीच शिकावा.