दोन मोर आणि एक हरीण

जुनागढजवळ, गिरनारच्या वाटेवर, एका प्रचंड खडकावर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत. इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. त्यातल्या पहिल्याच लेखात राजाने चक्क स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब दिलाय.

पूर्वी तिथे कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असं तो सांगतो. हा आकडा फुगवलेलाही असू शकतो. पण पुढचा आकडा फार नेमका आहे. लेख कोरला जात असताना रोज तीनच प्राणी मारले जात होते, दोन मोर आणि एक हरीण. हरीण तर रोज नाहीच. पुढे हे तिघंही मारले जाणार नाहीत, असं आश्वासन शेवटी आहे.

‘राजाने हिंसा सोडली’ एवढं कोरून काम भागलं असतं. पण अशोकाने उरलेली हिंसाही दगडावर नोंदवली.

आपल्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्यातही त्याचे शब्द पोहोचले होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. आधीचे राजे शिकारीसाठी सहली काढत, अशोकाने त्या जागी धम्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा विषय. म्हणजे इथेही आधी स्वतःची मौज सुटली.

राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी मात्र सूर बदलतो. पाचव्या स्तंभलेखात थेट प्रजेसाठी नियम येतात. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर मारायचं नाही. गाभण किंवा पिलाला पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारायची नाही. सहा महिन्यांच्या आतली पिल्लंही नाहीत. कोंबडा खच्ची करायचा नाही. ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारायचे नाहीत, विकायचेही नाहीत.

ही यादी उलटी वाचून बघा. वाढलेला बोकड खायला मोकळीक आहे. शिवाय जे चौपाये कुणाच्या उपयोगाचे नाहीत आणि कुणी खातही नाही, त्यांनाही अभय आहे. अशी दया दाखवायला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो मासे विकून पोट भरणाऱ्याला. त्या बंदीच्या दिवसांत त्याच्या घरी चूल कशावर पेटायची, याबद्दल लेखात अक्षर नाही. आणि माणसांसाठीची फाशी? तीही रद्द झाली नव्हती. चौथ्या स्तंभलेखाने शिक्षा झालेल्यांना फक्त तीन दिवसांची मुदत दिली.

म्हणून अशोकाला शाकाहाराचा संत ठरवणं किंवा ढोंगी म्हणून निकालात काढणं, दोन्ही सोपं आहे. त्याने विचारलेला प्रश्न जास्त अवघड होता: मारणं एकदम थांबवता येत नसेल, तर किती, कुणाला आणि कधी मारायचं?

आज ताटावरून भांडणं होतात, तेव्हा बहुतेकदा विषय दुसऱ्याच्या ताटाचा असतो. कोळ्याच्या जाळ्यापर्यंत अशोकही पोहोचलाच. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरातले प्राणी मोजले होते.