भिवंडीकडील धवळा व त्याची चाल

भिवंडीच्या आसपासच्या आगरी गांवांतून लग्नाचे विधि धवलारीण चालवीत असे, व हळदीपासून लग्न लागेपर्यंत त्या त्या विधीचा धवळा तीच गात असे. कोठें कोठें अजूनहि गाते. हा गानप्रकार बराच जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल 1126–1138) याच्या ‘मानसोल्लासां’त विवाहप्रसंगीं धवल गावा असें सांगितलें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त कीर्ति, विजय व विक्रम असे अनुक्रमें चार, सहा व आठ चरणांचे तीन भेद दिले, शिवाय लोकप्रसिद्धीस अनुसरून स्वेच्छेनें गाण्याचीहि मोकळीक ठेविली. आमच्या मतें ही मोकळीकच अधिक महत्त्वाची. शास्त्रकारास न आवरणारे चालींचे भेद तेव्हांच रूढ असले पाहिजेत.

त्याच शतकांत महदाइसेनें रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचिले. महानुभावांनीं ते पोथ्यांतून जपले; पदें राहिलीं, चाल मात्र पोथींत उतरली नाहीं. भिवंडीकडे चाल गळ्यांत आहे, पोथी नाहीं. म्हणून आगरी धवळा महदाइसेपासून निघाला असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. नांव व प्रसंग यांपलीकडे दुवा दिसत नाहीं. दोन्ही एकाच जुन्या लोकगानाच्या शाखा असाव्यात, इतकेंच म्हणवतें.

संग्राहकांनीं यापुढें धवळ्याचे शब्द टिपतांना गांव व विधि नोंदवावा, आणि चालहि ध्वनिमुद्रित करावी. धवलारिणी आतां थोड्याच उरल्या आहेत.