अठरा जूनची चौकट

माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात दुधाचा हिशेब, कामवालीचे खाडे, सिलिंडर कधी लावला, अष्टमी-चतुर्दशी कधी, सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं असतं. त्यातच गेली काही वर्षं मी आणखी एक उद्योग लावून घेतलाय. वाचताना एखादी तारीख सापडली की ती त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायची. ह्यांना वाटतं मी वाण्याची बाकी मांडतेय.

तर जून महिन्यातली १८ तारीख सगळ्यांत आधी भरली. १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियन हरला. १९४० च्या त्याच तारखेला द गॉलने लंडनच्या रेडिओवरून फ्रेंचांना लढत राहायची हाक दिली. १९३६ ला मॅक्झिम गॉर्की गेला. १९८३ ला सॅली राइड ही अमेरिकेची पहिली अंतराळवीर स्त्री अवकाशात गेली. हळदीघाटची लढाई काही पुस्तकांत १८ जून १५७६ ला आहे, तर काहींत २१ ला. हे सगळं लिहून झालं तरी माझं मन मात्र त्या चौकटीतल्या दोनच नोंदींवर अडतं. एक ग्वाल्हेरची, १८५८ ची. दुसरी मडगावची, १९४६ ची. माझी थोरली बहीण ग्वाल्हेरला, लष्करात दिलेली. आणि मडगाव तर आम्हा बेळगावकरांना घाट उतरला की आलंच. म्हणून असेल.

ग्वाल्हेरला दर जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बलिदान मेळा भरतो. बहीण लग्न होऊन गेली त्या पहिल्याच वर्षी तिने मला पत्रात विचारलं होतं, "अगं, इथे कुणी सतरा म्हणतं, कुणी अठरा. राणी गेली कधी?" मी तेव्हा बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते, इतिहास विषय होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

झालं ते असं. एप्रिलच्या सुरुवातीला झाशी पडली. राणी रात्रीची किल्ल्याबाहेर पडून काल्पीला गेली. काल्पीही गेल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी यांनी १ जूनला ग्वाल्हेर घेतलं. जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले. मग सर ह्यू रोज मागोमाग आला. कोटा-की-सरायपाशी इंग्रजी घोडदळाशी गाठ पडली ती १७ जूनला. उन्हाचा कहर इतका, की इंग्रजांचे सोल्जर गोळी न लागताच उष्माघाताने पडत होते. त्या लढाईत राणीला जखमा झाल्या. बऱ्याचशा इंग्रजी पुस्तकांत म्हणून १७ जून. आपल्याकडे मात्र ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, म्हणजे १८ जून. तिला बाबा गंगादासांच्या मठात नेलं, तिथे ती गेली, आणि इंग्रजांच्या हाती देह लागू नये म्हणून घाईघाईने तिथेच चिता रचली, ही हकीकत आपल्या चरित्रांतून आली. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्ये मराठीत तिचं चरित्र लिहिलं, तेव्हा तिला जाऊन जेमतेम छत्तीस वर्षं झाली होती. तिला पाहिलेली माणसं अजून हयात होती.

जन्माचंही तेच. १९ नोव्हेंबर सगळे सांगतात, पण साल कुणी १८२८ धरतं, कुणी १८३५. म्हणजे गेली तेव्हा ती तिशीला आली होती की तेविशीसुद्धा पुरी नव्हती, हेसुद्धा पक्कं नाही. सात वर्षांचा फरक! माझ्या मुलीला तेविसावं लागलं तेव्हा मी या हिशेबाने दचकले होते. दुचाकी घेऊन रात्री नऊनंतर बाहेर पडायला मी तिला मना करत होते.

पुतळ्यांमध्ये राणीच्या पाठीला मूल बांधलेलं असतं. ग्वाल्हेरच्या त्या शेवटच्या दिवशी मात्र दामोदरराव, तिचा दत्तक मुलगा, रामचंद्रराव देशमुखांच्या हवाली होता. पुढे तो पोर जंगलातून वणवण फिरत शेवटी इंदूरला पोचला आणि तिथेच त्याने आयुष्य काढलं. १९०६ साली गेला. आईचा पुतळा सगळ्या देशात झाला आणि लेक इंदुरात सरकारच्या पेन्शनीसाठी अर्ज करत म्हातारा झाला. हे शाळेत कुणी शिकवलं नाही आम्हाला. राणीबरोबर मुंदर नावाची तिची सोबतीण त्याच लढाईत पडली असं चरित्रकार सांगतात. तिचा मेळा भरत नाही.

आता थोडं आडवाटेला जाते, कारण ही वाट माझ्याच गावावरून जाते. राणी ग्वाल्हेरला होती त्याच जूनमध्ये, सहा दिवस आधी, १२ जून १८५८ ला, आमच्या बेळगावात नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना फाशी दिलं. कारण झाशीचंच. मूलबाळ नव्हतं, दत्तक घ्यायची परवानगी इंग्रजांनी नाकारली. आधी हत्यारं जमा करा असा हुकूम, मग चिडाचिड, मग मे महिन्याच्या अखेरीस मॅनसन नावाच्या पोलिटिकल एजंटाला सुरेबानजवळ मारलं, आणि मग नरगुंदवर फौज. इतकं सगळं तारखांनिशी सापडतं. बाबासाहेबांची आई आणि बायको, यमुनाबाई आणि सावित्रीबाई, या दोघींनी मलप्रभेत जीव दिला. हे सुद्धा सरकारी गॅझेटियरमध्ये आहे, पण ओघात, एका वाक्यात. सासू-सुना हात धरून उतरल्या की एकीमागून एक, कुठल्या घाटावर, काही नाही. फाशीची तारीख आहे कारण फाशीचा कागद होतो. नदीत उतरण्याचा कागद कोण करणार? माझ्या कॅलेंडरात त्या दोघींना कुठली चौकट द्यावी हे मला सुचेना. शेवटी जूनच्या पानाच्या समासात, तारखेबाहेर, लिहिलं.

आणि मग अठ्ठ्याऐंशी वर्षांनी तीच तारीख गोव्यात.

डॉ. राममनोहर लोहिया १९४६ च्या एप्रिलात तुरुंगातून सुटले होते, तब्येत खालावलेली. बर्लिनमध्ये शिकताना झालेले त्यांचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी त्यांना विश्रांतीसाठी असोळण्याला आपल्या घरी नेलं. विश्रांती कसली! माणसं भेटायला येऊ लागली आणि गाऱ्हाणी सांगू लागली. गोव्यात तेव्हा परवानगीशिवाय सभा नाही, भाषण नाही. छापायचं असेल ते आधी सेन्सॉरला दाखवायचं, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. आपल्या बायकांनी जरा विचार करून बघा, हळदीकुंकवाचं बोलावणं छापायचं तरी आधी साहेबाची सही.

१८ जूनला मडगावात धो धो पाऊस. लोहिया आणि मिनेझिस घोडागाडीतून मैदानावर आले. अधिकारी कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना धरून नेलं आणि पुढे गोव्याबाहेर घालवलं. एवढीच घटना. पण त्या दिवसाला आज गोवा क्रांतिदिन म्हणतात आणि मैदानाला लोहिया मैदान. पुढच्या दिवसांत वत्सला कीर्तनी नावाच्या तरुणीला पोलिसांनी धरलं, तेव्हा मडगावच्या बायका ठाण्यावर जाऊन उभ्या राहिल्या, की आम्हालाही आत घ्या. भर पावसात, पदर डोक्यावर घेऊन, हे माझं मीच डोळ्यांपुढे आणते. आणि १९५५ च्या एप्रिलात म्हापशाला नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या त्या सुधाबाई जोशी, महादेवशास्त्री जोश्यांच्या पत्नी. त्यांना तिथेच अटक झाली आणि तुरुंगात जावं लागलं. महादेवशास्त्री नाव घराघरांत ठाऊक, संस्कृतिकोश कपाटात. सुधाबाईंचं नाव मी विचारलं तर आमच्या महिला मंडळात दोघींनीच हात वर केला, त्यातली एक सावंतवाडीची.

ही नॅशनल काँग्रेस स्थापन झाली तीही गोव्यात नाही, आमच्या लोंढ्याला. ऑगस्ट १९४६. पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर पण रेल्वेने जवळ, म्हणून लोंढा.

हे वाचलं आणि मी पुस्तक तसंच हातात घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या नव्वदीला टेकल्यात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्यांच्या वेळच्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच आहे, मास्तरांच्या कृपेने. त्यांचं माहेर लोंढ्याचं, वडिलांचं किराणा दुकान होतं. विचारलं, "आई, तुम्ही दहा-अकरा वर्षांच्या असताना गोव्याची माणसं लोंढ्याला जमली होती, आठवतं?"

त्या म्हणाल्या, "आठवतंय की. आमच्याकडं चार-पाच जण जेवाय होते."

मी थक्क. तीस वर्षं या घरात आहे मी, आणि ही गोष्ट कधी निघाली नाही.

मग हळूहळू निघालं. श्रावण होता, पाऊस लागून राहिलेला. त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर चूल पेटत नसे. पाहुणे उशिरा येणार हे आईला कळलेलं, म्हणून तिने दिवसाउजेडीच भाकरी, मसूर आणि भात करून, भांडी घोंगड्यात गुंडाळून ठेवली. माणसं आली ती रात्री, ओलीचिंब. आईने वाढलं, स्वतः काही तोंडात घातलं नाही. तिचं जेवण त्या दिवशी राहिलंच, कारण संध्याकाळपर्यंत रांधण्यातच वेळ गेला. एका माणसाने निघताना वहीत नावं लिहिली, कुणाकुणाच्या घरी उतारू ठेवले त्यांची. "दादांचं नाव लिवलं," सासूबाई म्हणाल्या. "दुकानाचं बी."

"आणि आईचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईला सगळी 'बाई'च म्हणायची. नाव कोण इच्यारतंय."

मी त्यांना तारीख विचारली. सतरा ऑगस्ट असेल का, अठरा? त्यांना तारीख नाही सांगता आली. आईला नक्की कशाची आमटी केली होती ते मात्र आठवत होतं, आणि भात खाली लागला होता हेही.

दर वर्षी १८ जूनला बहिणीचा ग्वाल्हेरहून फोन येतो. यंदा मीच आधी लावला. मेळ्याला गर्दी आहे, ऊन आहे, पाऊस अजून नाही, असं ती म्हणाली. इकडे बेळगावात सकाळपासून झड लागली होती. मी तिला लोंढ्याची गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "नाव काय गं त्यांच्या आईचं?"

फोन तसाच धरून मी सासूबाईंना हाक मारली. त्या माळ ओढत बसल्या होत्या. नाव सांगितलं त्यांनी, लगेच, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. मी ते ऑगस्टच्या पानावर सतरा आणि अठराच्या मधल्या रेघेवर लिहून ठेवलं.