बावळट रोप आणि बुटकी शेवंती

आज कुंडीतल्या शेवंतीबद्दल बोलायचं, म्हटल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसू द्या. नर्सरीतून आपण वीतभर उंचीची, गच्च फुललेली शेवंती आणतो. फुलं सरली की जमिनीत लावतो, आणि पुढच्या वर्षी ती कमरेपर्यंत वाढून आडवी पडते. आम्ही तर एकदा मातीच बदलून पाहिली! दोष मातीचा नव्हता. हरितगृहात औषध फवारून तिची उंची रोखली होती. त्याचा अंमल उतरला, इतकंच.

या औषधांचा इतिहास मात्र सुरू होतो फाजील उंचीपासून. भाताच्या एका रोगाला जपानी शेतकरी 'बाकानाए' म्हणत, म्हणजे बावळट रोप. ते भराभर उंच होई, फिकट पडे, आणि बहुधा दाणा न धरताच जाई. १९२६ साली तैवानमध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, की बुरशी गाळून टाकली तरी उरलेला द्रव रोपाला तसाच उंच करतो. १९३५मध्ये याबुता यांनी त्यातल्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं. पाश्चात्त्यांनी दखल घेतली ती महायुद्धानंतर. आणि मग कळलं, की निरोगी झाडंही हे द्रव्य स्वतःच बनवतात. म्हणजे बिघाड वस्तूचा नव्हता, प्रमाणाचा होता. तत्त्वज्ञानाचा मास्तर इथं घुटमळणारच, माफ करा.

मग उलटा विचार आला: हे द्रव्य बनूच दिलं नाही तर? १९६०मध्ये अमेरिकेत टॉलबर्ट यांनी क्लोरमेक्वाट पुढे आणलं. आपले द्राक्षबागायतदार त्यालाच सीसीसी म्हणतात. पाठोपाठ डॅमिनोझाइड आलं, नंतर पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे कोकणातल्या आंबेवाल्यांचं 'कल्टार'. पेरं आखूड, पानं गडद, आणि ट्रकमध्ये कुंड्या जास्त मावतात. ही शेवटची गरज झाडाची नव्हे, हे ध्यानात ठेवा.

१९८९ साली अमेरिकेत सफरचंदावरच्या डॅमिनोझाइडवरून गदारोळ झाला. त्याच्या विघटनातून निघणाऱ्या द्रव्यामुळे कर्करोग होईल, अशी भीती होती. खाद्यपिकांवरचा वापर बंद झाला, शोभेच्या फुलांवरचा चालू राहिला. का, तर फूल कुणी खात नाही. युक्तिवाद चुकीचा नाही, अपुरा आहे. खाणाऱ्याचा विचार झाला. बंद हरितगृहात पंप पाठीला लावून फिरणाऱ्याचा किती झाला?

त्याच दशकात मिशिगनमध्ये दुसरी वाट सापडली होती. पहाटे दोन-तीन तास हरितगृह थंड पाडलं, तरी बऱ्याच रोपांची पेरं आखूड राहतात. औषध नाही, नुसती हवा. आता हे आपल्या उन्हाळ्यात कसं जमवायचं, ते इथं बसलेल्या पॉलिहाऊसवाल्यांनीच सांगावं.