फळीवरचा शिक्का

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या नव्या कॅफेत शिरा. एखाद्या भिंतीवर ओबडधोबड, खिळ्यांची भोकं दिसणाऱ्या फळ्या ठोकलेल्या दिसतील. त्यावर दोन कुंड्या, वर एक पिवळा बल्ब. आता हे लोण आपल्या टू बीएचकेपर्यंत पोचलंय. किल्ल्या अडकवायची पट्टी, फोटोंची मांडणी, बाल्कनीतलं छोटं शेल्फ... सगळं 'पॅलेटवूड'चं. भोसरी-चाकणकडच्या भंगारवाल्याकडून एक पॅलेट आणायचं, दोन वीकेंड घासत-ठोकत बसायचं, की झालं!

ते करायचं कसं, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यामुळे इथे ते नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ही फळी मुळात आली कुठून? आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही बरं का. फळीचा इतिहास माहीत असेल तरच ती घरात आणायची की नाही, हे ठरवता येतं.

तर सुरुवात माणसाच्या पाठीपासून. जगभर माल हलायचा तो माणसाच्या अंगावरून. पोतं, पेटी, पिंप, जे असेल ते एकेक उचलायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं. आपल्याकडे माथाडी या शब्दातच माथा आहे. डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्या या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. म्हणजे पॅलेट जगात रुळल्यावरही आपल्याकडचं ओझं पाठीवरच होतं, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांत 'स्किड' आलं. दोन आडव्या दांड्या, त्यावर ठोकलेल्या फळ्या, बस्स. खाली गाडा सरकवायचा आणि सगळा ढीग एकदम उचलायचा. याने काय फरक पडतो? १९३१ सालच्या एका अमेरिकन रेल्वे मासिकातलं उदाहरण नेहमी दिलं जातं. डबाबंद खाद्यपदार्थांची १३,००० खोकी सुटी भरली असतील, तर मालगाडीचा डबा रिकामा करायला तीन दिवस. तोच माल स्किड किंवा पॅलेटवर असेल तर चार तास!

मग कुणीतरी स्किडच्या खालच्या बाजूलाही फळ्या ठोकल्या. वाचायला किरकोळ वाटतं. पण नुसत्या दांड्या खालच्या मालात रुतायच्या. सपाट तळ मिळाल्यावर वजन पसरलं आणि एका ढिगावर दुसरा ढीग रचता यायला लागला. फोर्कलिफ्ट तोवर आलीच होती. गोदामं आडवी पसरायची ती उभी वाढू लागली. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरला. वर साबण आहे की मशीनचे पार्ट, याच्याशी फोर्कलिफ्टला काही देणंघेणं नाही. तिला फक्त खालची फट दिसते.

या इंटरफेसचा जगभर प्रसार केला दुसऱ्या महायुद्धाने. अमेरिकन सैन्याने पॅसिफिकमधल्या लढाईसाठी ऑस्ट्रेलियात पॅलेट आणि फोर्कलिफ्ट नेल्या, आणि युद्ध संपल्यावर बरंचसं सामान तिथेच सोडलं. ऑस्ट्रेलियन सरकारने ते सांभाळायला एक सामायिक साठा उभा केला, 'कॉमनवेल्थ हँडलिंग इक्विपमेंट पूल', म्हणजेच 'चेप'. १९५८ साली तो ब्रँबल्स या कंपनीकडे गेला. ही कंपनी आजही निळ्या रंगाची पॅलेट विकत नाही, भाड्याने देते. हे निळं पॅलेट लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

युरोपात १९६१ साली रेल्वे कंपन्यांनी एकच माप ठरवून पॅलेटची अदलाबदल सुरू केली. ८०० बाय १२०० मिलिमीटर, ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे. स्वतःचं वजन साधारण २५ किलो आणि पेलतं १,५०० किलो. भंगारातलं पॅलेट सुटं करताना पहार वाकते, फळी चिरते, पण खिळा काही निघत नाही, याचं रहस्य इथे आहे. पॅलेटच्या खिळ्यांना बहुतेकदा पीळ किंवा खाचा असतात. ते सुटू नयेत म्हणूनच तसे केलेले असतात.

आता सजावटीकडे. पेटीच्या लाकडाचं फर्निचर ही आजची टूम नाही. गेरिट रीटफेल्ड हा डच डिझायनर त्याच्या लाल-निळ्या खुर्चीसाठी प्रसिद्ध आहे. सुताराचाच मुलगा. जागतिक मंदीच्या काळात, १९३४ च्या सुमाराला, त्याने पॅकिंगच्या खोक्यांच्या स्वस्त फळ्यांपासून खुर्ची, टेबल, शेल्फ बनवलं. अॅमस्टरडॅमच्या मेट्झ कंपनीच्या दुकानात ते सुट्या भागांत मिळायचं, घरी नेऊन स्क्रूने जोडायचं. रंधा नाही, पॉलिश नाही, फळ्या जशाच्या तशा. लोकांच्या खिशात पैसे नव्हते, म्हणून ते तसं होतं.

आणि आपल्या चाळींत काय वेगळं होतं? देवदारी खोकी भिंतीला ठोकून फडताळ करायचं, उलटी ठेवून त्यावर अभ्यास करायचा, पडदा लावून त्यात भांडी ठेवायची. पाहुणे आले की त्यावर चादर टाकायची, कारण खोकं दिसणं म्हणजे परिस्थिती दिसणं. आज आपण तेच लाकूड मुद्दाम दिसेल असं लावतो! यात वाईट काही नाही, गंमत आहे एवढंच. असो.

आता शिक्का. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मेपलच्या झाडांना भोकं पडलेली दिसली. आत आशियाई लांब मिशांचा भुंगा होता, चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आलेला. कीड पसरू नये म्हणून हजारो झाडं कापावी लागली. १९९९ साली पोर्तुगालमध्ये पाइनची झाडं मारणारा सूक्ष्म कृमी सापडला. मग २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम आला, आयएसपीएम १५. देशाबाहेर जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर प्रक्रिया झालीच पाहिजे आणि तसा शिक्का हवा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा नंबर आणि प्रक्रियेचं नाव.

आपल्या कामाचं आहे ते प्रक्रियेचं नाव. 'एचटी' म्हणजे हीट ट्रीटमेंट. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. असं लाकूड घरात आणायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी. हा वायू विषारी आहे आणि ओझोनच्या थरालाही घातक. मॉन्ट्रियल करारानुसार त्याचे बहुतेक उपयोग बंद झाले, पण मालाच्या कीडनियंत्रणासाठी सवलत राहिली. युरोपीय संघाने २०१० पासून तीही बंद केली. 'एमबी'ची फळी मुलांच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात तर नकोच. मी म्हणेन घरातच नको.

शिक्काच नसेल तर? पॅलेट देशातल्या देशातच फिरलेलं असू शकतं, तिथे हा नियम लागू नाही. मग डोळे आणि नाक वापरा. तेलाचे डाग, रसायनाचा वास, हिरवट-काळी बुरशी दिसली तर सोडून द्या. 'एचटी' शिक्का असला तरी नंतर त्यावर काय सांडलं हे शिक्का सांगत नाही, तेव्हा हे तिथेही बघाच. घासताना मास्क लावा. आणि पॅलेट निळं असेल तर ते भाड्याचं असण्याची शक्यता दाट आहे. भंगारवाल्याने विकलं म्हणून ते आपलं होत नाही, त्याचा मालक दुसरा आहे.

एवढं पाहून फळी पसंत पडली तर खुशाल आणा. रंधा मारा, पॉलिश पेपर फिरवा, हवं तर तेल लावा. फक्त शिक्क्याची बाजू पुढे ठेवा आणि तेवढी जागा घासू नका. ही फळी कुठल्या देशात ठोकली गेली आणि तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे सांगणारा तो एकच कागद तिच्याकडे आहे.